कार्डावरचा दोन

सकाळी आठ ही काचघरात वजनाची वेळ. काचघर म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण बारा काचेच्या पेट्यांच्या त्या उबदार खोलीला तिथे काम करणारं कुणीच त्या नावाने ओळखत नाही. एक सिस्टर बाळ उचलते, दुसरी नळ्या सांभाळते, तिसरी काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचते, आणि डॉक्टरीणबाई तो लिहून घेतात. कुणाचे वीस ग्रॅम वाढले की खोलीत असा आनंद होतो की बाहेरच्याला वाटावं, कुणाचं तरी लग्न ठरलं.

या डॉक्टरीणबाईंना पाठीमागे सगळे पुरावाबाई म्हणत, आणि ते त्यांनाही माहीत होतं. बाळ आज बरं दिसतंय असं कुणी म्हटलं की त्या विचारणार, "पुरावा काय?" चहा पातळ झालाय म्हटलं तरी तोच प्रश्न. वीस वर्षांत त्यांनी जोखमीचा एकही उपचार नुसत्या अंदाजावर केला नव्हता, आणि त्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

त्या सोमवारी सातव्या पेटीत नवीन बाळ होतं. आदल्या दुपारी जन्मलेलं, दिवस भरायला सात आठवडे बाकी, वजन एक किलो तीनशे चाळीस. मुलगा. सिस्टरांनी त्याला आल्या आल्या 'मूठभर' म्हणायला सुरुवात केली होती. काचघरात बाळांना नावं ठेवतात ती अशी, आणि आईबापांना त्याचा पत्ता लागू देत नाहीत.

मूठभरची साखर टिकत नव्हती. सलाइनमधून दिली की तासभर बरी राहायची, परत खाली. त्यात नवल नव्हतं, इतक्या लहान बाळांचं असं होतं. नवल होतं ते टाचेचं. तपासणीसाठी सहा वाजता टाचेला सुई टोचली होती, आणि आठ वाजता वजनाच्या वेळी कापूस उचलला तर तिथे अजून रक्त येत होतं. थोडंसंच, पण येत होतं.

पुरावाबाईंनी टाचेवर बोट दाबून धरलं आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. सहा मिनिटांनी बोट काढलं. लाल थेंब हळूच वर आला.

"यकृत," त्या म्हणाल्या. रक्त गोठवणारी द्रव्यं तिथेच तयार होतात, साखरही तिथेच साठते. दोन्ही कामं बंद म्हणजे कारखानाच बंद.

मग त्यांची नजर पेटीवरच्या कार्डाकडे गेली. कार्डावर आईच्या खाटेचा क्रमांक, जन्माची वेळ, वजन, आणि शेवटी एक लहान चौकट. जुळं असेल तरच त्या चौकटीत १ किंवा २ लिहायचं. एकटं बाळ असेल तर चौकट रिकामी ठेवायची. मूठभरच्या चौकटीत २ होता.

"एक नंबर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर कसला?" थोरल्या सिस्टर म्हणाल्या. त्या तीस वर्षं काचघरात होत्या आणि सगळा विभाग त्यांच्या भुवईवर चालायचा. "एकटाच आहे तो." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कार्ड पाहिलं, आणि ते लिहिणाऱ्या सिस्टरकडे असं काही पाहिलं की ती बिचारी कावरीबावरी झाली. मी चौकट रिकामी ठेवली होती, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. थोरल्या सिस्टरांनी नवीन कार्ड स्वतः लिहून लावलं. ते कुणी तपासलं नाही. थोरल्या सिस्टरांचं लिहिणं तपासायची त्या इमारतीत कुणाची छाती नव्हती.

बाळाची आई चाकांच्या खुर्चीतून आली. पाठीमागे बाळाचा बाप खुर्ची ढकलत होता. तो पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरची मुळाक्षरं, सगळं हाताने काढणारा. नखांच्या कडांना निळा रंग राहिलेला.

"आमचा थोरला कसा आहे?" त्याने विचारलं.

पुरावाबाईंनी खरं ते सांगितलं. यकृत काम करत नाहीये, का ते अजून माहीत नाही, ते दोन-चार दिवसांत कळायला हवं, कारण त्याच्यापाशी फार दिवस नाहीत. मग कागद पुढे ओढून नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कुणाला यकृताचा आजार? नात्यात लग्न? हे कितवं बाळंतपण?

"पहिलंच," पेंटर म्हणाला.

 आई पेटीच्या काचेवर हात ठेवून बसली होती. कागदावर आधीच लिहिलेलं होतं, पहिलटकरीण. पुरावाबाईंनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

दुपारी चार वाजता त्या घरी पोचल्या. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, त्या आणि त्यांची आई. आई शाळेत व्याकरण शिकवायची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायची तिची सवय गेली नव्हती.

"आलात का?" आईने दार उघडत विचारलं.

हे रोजचं होतं. बाकी वेळ 'तू', 'गं', 'वेडाबाई', आणि दारात मात्र 'आलात का'. लेक डॉक्टर झाली म्हणून आई दारात चेष्टेने अहोजाहो करते, असं पुरावाबाई सगळ्यांना हसत सांगायच्या. आदरार्थी बहुवचन, आमच्या घरी फक्त उंबऱ्यावर मिळतं. त्या आत आल्या, चपला काढल्या. आई दाराला हात लावून क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग तिने कडी लावली. तिला सगळ्याच गोष्टी सावकाश करायची सवय होती.

मंगळवारी थोरल्या सिस्टरांच्या कार्डावर २ होता.

 थोरल्या सिस्टरांनी ते काढून खिशात घातलं आणि तिसरं कार्ड दुपारपाळीच्या सिस्टरला लिहायला लावलं. लिहून होईपर्यंत त्या तिच्या खांद्यावरून पाहत राहिल्या. चौकट रिकामी होती. बुधवारी सकाळी तिथे २ होता.

मूठभरला या भानगडीचं काही नव्हतं. तो पिवळा पडत चालला होता, पोट फुगलं होतं, आणि सुई टोचलेल्या प्रत्येक जागी जांभळा डाग उठला होता. तरी पुरावाबाईंनी करंगळी पुढे केली की तो ती धरायचा. धरायचा म्हणजे काय, चार बोटं नुसती टेकवायचा. पण सोडायचा नाही. अशा वेळी त्यांना त्याचं फार वाईट वाटायचं आणि त्या चिडून रिपोर्ट मागवायच्या.

रिपोर्ट येत होते आणि एकेक दार बंद होत होतं. जंतुसंसर्ग नाही. यकृतावर जाणारे विषाणू नाहीत. दुधातली साखर न पचण्याचा आजार नाही. यकृताचा रक्तपुरवठा चालू. विचित्र म्हणजे यकृत सुजल्यावर रक्तात जी द्रव्यं भरमसाट वाढतात ती जवळजवळ नेहमीसारखी, आणि लोहाचा साठा मात्र कितीतरी पट. जणू यकृताची लढाई बाळ जन्मायच्या आधीच होऊन गेली होती आणि आता तिथे लढायला कुणी शिल्लक नव्हतं.

असं करणारा एक आजार पुरावाबाईंना ठाऊक होता. आईच्या रक्तातली काही द्रव्यं बाळाचं यकृत परकं समजतात आणि पोटातच त्याच्यावर तुटून पडतात. त्यावर उपाय होता. बाळाचं रक्त थोडं थोडं काढून तेवढंच दुसरं घालत सगळं बदलायचं, आणि वरून एक औषध सोडायचं, म्हणजे उरलेला मारा थांबतो. पण रक्त न गोठणाऱ्या एवढ्याशा जिवाचं रक्त बदलणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याच्यासाठी पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे ओठाच्या आतून काढलेला तांदळाएवढा तुकडा. टाचेचा टोच थांबत नाही तिथे ओठ कापणार कोण?

त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मोठे डॉक्टर विभागाचे प्रमुख, निवांत माणूस.

"अनुवंशाचा आजार असला तर?" ते म्हणाले. "मग रक्त बदलून उपयोग शून्य, आणि त्यातच गेला तर आपण घालवला. आधीचं एखादं मूल पोटातच गेलेलं असतं, तर मी तुम्हाला एका शब्दाने अडवलं नसतं. बहुतेक जणींच्या बाबतीत तसंच असतं. पण ही पहिलटकरीण." त्यांनी कागद परत पुढे सरकवला. "तुमचा तो प्रश्न आता मलाच विचारू द्या. पुरावा काय?"

पुरावाबाईंना पहिल्यांदाच त्या प्रश्नाचा राग आला.

त्या परत आल्या तर प्रयोगशाळेतून फोन. "मॅडम, तुमच्या जुळ्यातल्या पहिल्याचा नमुना आलाच नाही."

"जुळं नाहीये ते."

"फॉर्मवर 'बाळ २' लिहिलंय. तुमचंच अक्षर आहे."

त्यांनी फॉर्म परत मागवला. अक्षर त्यांचंच होतं. त्यांची सही, त्यांचा घाईघाईचा तिरपा काना. आणि शेवटच्या चौकटीत २. हा फॉर्म आपण सकाळी नऊ वाजता उभ्याने लिहिला हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. चौकट आठवत नव्हती.

तेवढ्यात पेंटर दाराशी आला. पायांत कागदी बूट, डोक्यावर कागदी टोपी, हातात बायकोने पाठवलेली दुधाची बाटली. बाळाला दूध सुरू नव्हतं तरी ती काढून पाठवायची आणि सिस्टर जपून ठेवायच्या.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका," तो म्हणाला. "कार्डावर आकडे टाकायला तुम्ही वेगळा माणूस ठेवलाय का?"

"का?"

"परवा सकाळचं कार्ड एका हातचं, कालचं दुसऱ्या, आजचं तिसऱ्या. अक्षरं बघून कळतं, माझा धंदाच आहे तो. पण दोन सगळीकडे एकाच हातचा. शेपटी बघा, शेवटाला अशी वर उचललेली. नवीन शिकणाऱ्या पोरांची उचलली जाते, पाटी संपली की हात उडतो तशी." त्याची नजर टेबलावरच्या फॉर्मवर गेली. "हा पण त्याच हातचा."

तो बाटली देऊन गेला. पुरावाबाईंनी दार लावून घेतलं, एक कोरा कागद घेतला आणि त्यावर वीस वेळा २ काढला. वीसही शेपट्या खाली गेल्या. त्यांनी तिन्ही कार्डं मागवून घेतली, फॉर्मसकट चारही कागद शेजारी मांडले आणि बराच वेळ पाहिलं. कुणी, कसं, का, यातलं काहीच त्यांना सांगता येत नव्हतं. एवढंच दिसत होतं की कुणीतरी चार वेळा एकच गोष्ट सांगितली होती, आणि त्यांनी चारही वेळा ती चूक म्हणून बाजूला ठेवली होती.

हा जुळ्यातला दुसरा नाही. पण दुसरा आहे.

त्या जिना उतरून बाळंतिणींच्या खोलीत गेल्या. खिडकीजवळच्या खाटेवर बाळाची आई बाटलीला चिठ्ठी चिकटवत होती. शेजारच्या खाटा रिकाम्या होत्या. पुरावाबाईंनी स्टूल ओढलं.

"हे तुमचं दुसरं ना?"

चिठ्ठी बाटलीवर वाकडी बसली. आईने ती सोडवली, परत लावली, नखाने दाबली.

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"ताईला माहीत होतं फक्त. ताईला जाऊन तीन वर्षं झाली." ती खिडकीकडे पाहू लागली. "एकोणीस वर्षांची होते मी. लग्नाच्या आधीचं आहे ते. सहावा महिना संपत आला होता आणि एक दिवस ती हलेनाशीच झाली. मुलगी होती. ताईने सगळं निस्तरलं. म्हणाली, आता हे इथेच मिटलं, कुणापुढे तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं. मोजतानासुद्धा धरलं नाही मी तिला."

तिला रडू आलं नाही. 

"माझ्यामुळे झालंय का याला?"

"तुमच्या रक्ताने त्याला ओळखलं नाही. तिलाही ओळखलं नसणार. यात तुमची चूक काडीची नाही," पुरावाबाई म्हणाल्या. "पण आता मला कळलंय, आणि मी त्याला वाचवायचा प्रयत्न करू शकते. फक्त मला हे लिहावं लागेल. सही दोघांची लागते."

"लिहा. पण ह्यांना मी सांगते. तुम्ही जाऊ नका, इथेच थांबा."

पेंटर आला. तिने तीनच वाक्यांत सांगितलं, मान खाली न घालता. तो ऐकत राहिला आणि अंगठ्याच्या नखातला निळा रंग दुसऱ्या नखाने खरवडत राहिला. खोलीत तेवढाच आवाज होता. सगळा रंग निघाला तेव्हा त्याने मान वर केली.

"म्हणजे हा धाकटा," तो म्हणाला. "आणि मी उगाच थोरला थोरला करत बसलो."

मग तो तिच्या खाटेच्या कडेला बसला आणि तिला इतका वेळ न आलेलं रडू आलं.

मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला, पहिलटकरीण या शब्दावर मारलेली काट पाहिली, आणि सही केली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता रक्त बदलायला घेतलं. पाच मिली काढायचं, पाच मिली घालायचं. थोरल्या सिस्टर आकडे मोठ्याने म्हणत होत्या, दुसरी सिस्टर लिहीत होती. खोलीत ऊन आलं होतं.

पस्तिसाव्या वेळी मूठभरचे ठोके उतरू लागले.

एकशे दहा. नव्वद. पन्नास.

पुरावाबाईंनी हात थांबवला. औषध दिलं. दोन बोटांनी त्याची छाती दाबू लागल्या. यंत्र एकसुरी ओरडत होतं.

थोरल्या सिस्टर मोजायच्या थांबल्या होत्या. त्या बाळाकडे पाहत नव्हत्या.

पुरावाबाईंनी त्यांच्या नजरेच्या रोखाने एकदाच पाहिलं. आठवी पेटी. आठवडाभर रिकामी, बंद, गार.

तिच्या सातवीकडच्या काचेवर, आतून, बोराएवढी वाफ धरली होती.

विरली. परत धरली. विरली. परत धरली.

कुणीतरी अगदी काचेजवळ येऊन पाहत असावं, तशी.

"ठोके मोजा, सिस्टर," पुरावाबाई म्हणाल्या.

"साठ," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. 

ऐंशी. शंभर. एकशे तीस.

दुपारी एक वाजता काम संपलं तेव्हा आठव्या पेटीची काच स्वच्छ होती. त्या दोघी त्यावर एकमेकींशी कधीच काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरी निघताना पुरावाबाईंना दिसलं की कुणीतरी आठव्या पेटीत एक छोटी दुलई घडी करून ठेवली आहे. ती कुणी ठेवली हे त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर मूठभरच्या कार्डावर दोन आला नाही. रविवारी त्याच्या टाचेचं रक्त चार मिनिटांत थांबलं, पुढच्या रविवारी दीड मिनिटात. डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. दूध सुरू झालं, जपून ठेवलेल्या पहिल्या बाटलीपासून. रक्त नीट गोठू लागल्यावर ओठातला तो तांदळाएवढा तुकडा काढला, आणि त्यात जिथे नसावं तिथे लोह सापडलं. मोठ्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट पुरावाबाईंच्या टेबलावर आणून ठेवला. "घ्या तुमचा पुरावा," ते म्हणाले. पुरावाबाईंनी तो न वाचताच फाइलला लावला, आणि ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत झाली.

सात आठवड्यांनी तो घरी निघाला, दोन किलो चारशे. पुढचं बाळंतपण ठरवण्याआधी इथे यायचं, चौथ्या महिन्यापासून इंजेक्शनं घेतली तर त्या बाळाला हा आजार बहुतेक होणार नाही, हे पुरावाबाईंनी दोघांना बजावलं. बाळाच्या आईने मान डोलावली. "मग ते तिसरं," ती म्हणाली. पेंटरने काचघराला एक पाटी रंगवून आणली होती. तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत नुसतं 'काचघर' लिहिलं होतं. ती लगेच दाराला लागली.

दुपारी चार वाजता पुरावाबाई घरी पोचल्या. खूप दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.

"आलात का?" आईने दार उघडलं.

त्या आत आल्या, चपला काढल्या आणि हसत म्हणाल्या, "आई, आता मी पंचेचाळिशीची झाले. किती दिवस दारात अहोजाहो करणार मला?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. वर्तमानपत्रातली चूक सापडल्यावर पाहायची तसं.

"तुला?" ती म्हणाली. "पोटच्या पोरीला कुणी आदरार्थी बोलतं का? साधं बहुवचन आहे ते."

पुरावाबाईंचा हात चपलांच्या फळीवर तसाच राहिला. आई, मी तुझं कितवं, हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं, पण ते बाहेर आलं नाही.

आई दाराला हात लावून उभी होती, रोजच्यासारखी, सावकाश. मग ती जरा बाजूला सरकली, वाट द्यायला सरकतात तेवढीच, आणि तिने कडी लावली.